बत्तीस हजार सातशे सदुसष्ट

नाशिक रोडला बिटको चौकातून आत वळलं की सायकलच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर, 'निर्दोष सॉफ्टवेअर्स'ची पाटी दिसायची. पाटी रंगवताना पेंटरचा अंदाज चुकला होता. शेवटचा 'स' पाटीवर मावला नाही, म्हणून त्याने तो खाली भिंतीवरच काढून टाकला. कुणी दाखवून दिलं की मालक कुंदन देवरे म्हणायचे, "असू दे. वर मान करून कोण वाचतंय?"

हेच त्या कंपनीचं धोरण होतं. फक्त ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

कुंदन सर मूळचे नामपूरचे. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून ते परत आले, तेव्हा भागात कॉम्प्युटर कमी आणि कॉम्प्युटरचा धाक जास्त अशी परिस्थिती होती. या धाकावरच त्यांनी ऑफिस उभं केलं. ग्राहकाशी ते वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखं मराठी बोलत. काही बिघडलं की मात्र जीभ थेट गावच्या अहिराणीवर जाई. सरांच्या तोंडून "काय शे?" निघालं की ऑफिसातली तिन्ही माणसं माना खाली घालून कीबोर्ड बडवायला लागत, कॉम्प्युटर बंद असला तरी.

पुष्कळ घरांत कोऱ्या कागदावर आधी 'श्री' काढतात आणि मग किराण्याची यादी लिहितात. निर्दोषमध्ये नवीन प्रोग्राम लिहायला घेतला की आधी एक ओळ टाइप करायची असे: ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. म्हणजे, चूक झाली तर काही झालंच नाही असं समजून पुढच्या ओळीवर जा. ज्यांनी ही कॉम्प्युटरची भाषा बनवली त्यांनी ही ओळ अडीअडचणीला, एखाद्या ठिकाणी, जपून वापरायला दिली होती. कुंदन सर ती चहात साखर घालावी तशी घालायचे, आणि त्यांना चहा गोड लागायचा. निर्दोषचं सॉफ्टवेअर ग्राहकाला एरर दाखवत नसे. हिशेब चुकायचे, प्रिंट अर्धवट यायच्या, माणसांची नावं दुसऱ्याच गावाला निघून जायची. पण एरर म्हणून नाही. सर छाती पुढे काढून सांगत, "मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रोग्रामला एरर येतात. आपल्याला एक दाखवा."

दुसरी चीज म्हणजे उपायवही. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. कामात आलेली अडचण डाव्या पानावर लिहायची, उपाय उजव्या पानावर, आणि खाली सर लाल पेनने शेरा मारणार. आजीबाईच्या बटव्यात निदान सुंठ तरी असते. या वहीत असं होतं: 'स्क्रीन गोठली – बंद करून चालू करणे.' 'डीएलएल फाइल सापडत नाही – शेजारच्या कॉम्प्युटरवरून आणून टाकणे, कोणती ते न विचारणे.' 'तारीख उलटी येते, पाच जूनची सहा मे होते – ग्राहकास सांगणे, अमेरिकेत असेच असते.' 'बटण दाबल्यावर काहीच होत नाही – पुन्हा दाबण्यास सांगणे.' या शेवटच्या उपायाखाली सरांचा लाल शेरा होता: 'उत्तम.'

धम्मपाल गांगुर्डे इथं तीन वर्षं होता. सरकारी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, वर्गात पहिल्या पाचात. पहिल्या आठवड्यात त्याने ती मंगल ओळ न घालता एक प्रोग्राम लिहिला होता. प्रोग्रामने ग्राहकासमोर खरं ते सांगितलं आणि सरांनी धम्मपालला गच्चीवर नेऊन नोकरी म्हणजे काय ते सांगितलं. तेव्हापासून धम्मपालची बोटं ती ओळ आपोआप लिहायची. माणूस चप्पल पायात सरकवतो, तशी. कुठल्या पायात कुठली, हे मन बघतसुद्धा नाही.

*

दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत अंबडच्या 'मोसम व्हॉल्व्हज'मध्ये निर्दोषचं सॉफ्टवेअर बसलं. मोसमचे मालक लहानूशेठ अहिरे हे कुंदन सरांच्या गावचे, शिवाय लांबून साडू. त्यामुळे दुसऱ्या कुणाचं सॉफ्टवेअर बघायची गरज पडली नाही. नारळ फोडला, मॉनिटरला हळदीकुंकू लावलं. थोडं कुंकू कीबोर्डात सांडलं आणि कायमचं राहिलं.

कारखान्यात पितळी व्हॉल्व्ह बनत. शेवटच्या टेबलावर त्यांची गळती तपासायची. काम साधं, पण नजरेचं. व्हॉल्व्ह हवेच्या नळीला जोडायचा, पाण्याच्या टबात बुडवायचा आणि दहा मोजेपर्यंत बघायचं. बुडबुडा आला तर नापास. नाही आला तर हिरव्या रंगाचा ठिपका लावून पास. मग शेजारच्या कॉम्प्युटरवर तसं बटण दाबायचं. प्रत्येक व्हॉल्व्हला त्या टेबलाचा एकेक नंबर पडे, आणि पडद्यावर येई: 'नोंद यशस्वी.'

तपासणीची टेबलं दोन. एकावर छाया मोजाड, मखमलाबादकडची. सासू नवसाबाई मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाजारात बसायची, नवरा मळ्यात, आणि छाया सहा वर्षं मोसममध्ये, टेम्पररी. दुसऱ्या टेबलावर पिंकी, दीड वर्षाची टेम्पररी. छायाचे दिवसाला तीनशे व्हॉल्व्ह व्हायचे. पिंकीचे एकशे ऐंशी, तेही केसांचा क्लिप हरवला नाही तर.

त्या वर्षी शेठने जाहीर केलं होतं की दोघींपैकी एकीला कायम करणार. कुणाला, ते कॉम्प्युटर सांगेल. "आपल्याकडं वशिला नाय. मशीन बोलंल ते खरं," असं ते सगळ्या कामगारांसमोर म्हणाले. ज्याच्या साडूने मशीनमध्ये सॉफ्टवेअर भरलं होतं, त्या माणसाने वशिल्याबद्दल असं बोलावं, याचं तिथं कुणाला काही वाटलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोसममधून फोन आला. सरांनी स्पीकर चालू केला, म्हणजे पोरांना शिकायला मिळावं.

"साहेब, मी छाया बोलते, तपासणीतली. आकडा हलंना."

"कुठला आकडा, ताई?"

"वरच्या कोपऱ्यातला. कालपास्नं तिथंच हाय. बटण दाबते, नोंद झाली म्हणतंय, पण आकडा तोच."

"बंद करून चालू करा."

"केलं. दोनदा केलं. तरी तोच."

सरांनी वही उलटी-पालटी केली. 'आकडा हलत नाही' असं दुखणं तिच्यात नव्हतं. पण सर अडणारे नव्हते. "नोंद झाली म्हणतंय ना? मग झालं तर. आकड्याकडे कशाला बघता? व्हॉल्व्हकडे बघा."

"तसं नाय, दिवसभरात किती झाले ते त्याच्यावरनं कळतं मला—"

"माणूस पाठवतो." सरांनी फोन ठेवला आणि धम्मपालकडे वळले. "जा. तो आकडा काढून टाक."

"काढून म्हणजे, सर?"

"म्हणजे दिसायला नको. दिसतो म्हणून तक्रार आहे. नाही दिसला की नाही."

धम्मपाल दोन बस बदलून अंबडला गेला. छायाच्या टेबलावर बसला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता: ३२७६७.

इथं जरा थांबायला हवं. हा आकडा ओळखत नाही असा प्रोग्रामर नसतो. कॉम्प्युटरला मोजायला लहान डबा दिला, तर तो बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत मोजतो. पुढचा एकसुद्धा त्यात मावत नाही. मोठा डबा मागितला तर दोनशे कोटींच्या वर मोजतो, आणि मोठा डबा फुकट असतो. डिप्लोमाच्या परीक्षेत हा प्रश्न चार मार्कांना येतो. धम्मपालला चारपैकी चार पडले होते.

त्याच्याही आत कुठंतरी काहीतरी हललं. पण तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर सुपरवायझर आला आणि म्हणाला, "किती वेळ लागेल? टेबल खोळंबलंय." धम्मपालने त्या आकड्याच्या चौकटीची 'दिसणे' ही खूण 'हो'वरून 'नाही'वर नेली. दोन मिनिटांचं काम. कोपरा स्वच्छ झाला.

"आकडा गेला की, भाऊ," छाया म्हणाली.

"आता त्रास नाही होणार, ताई."

छायाने त्याच्याकडे पाहिलं. दिवसाला तीनशे वेळा पाण्यात बघणाऱ्या बाईची नजर होती ती. "मला त्रास नव्हता," ती म्हणाली. "मला आकडा पायजे होता."

धम्मपालने चहा संपवला. चहा बरा होता.

*

एकवीस जूनला, गुरुवारी, कायम करण्याचा कागद तयार करायला शेठने दोन्ही टेबलांचा रिपोर्ट काढला. पिंकी: रोजचे एकशे सत्तर, एकशे ऐंशी, एकशे पंच्याऐंशी. छाया: आठ जूनपर्यंत रोजचे तीनशे, आणि त्यानंतर कामाचे अकरा दिवस शून्य. शून्य, शून्य, शून्य, अगदी एका रेषेत.

अकरा दिवसांत छायाच्या टेबलावरून एकतीसशेच्या वर व्हॉल्व्ह हिरवा ठिपका लावून पुढे गोदामात गेलेले होते. अर्थ उघड होता. बाई न तपासता ठिपके लावतेय. पर्सोनेल मॅनेजरने त्याच दिवशी पत्र दिलं: सोमवारी चौकशी, तोवर टेबलावर बसायचं नाही, गेटजवळ बाकावर बसायचं. आणि चौकशीला तज्ज्ञ म्हणून निर्दोष सॉफ्टवेअर्सला बोलावलं, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही हे सांगायला.

सरांना आनंद झाला. तज्ज्ञ म्हणून त्यांना आजवर फक्त एकदा, शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलावलं होतं. "धम्मा, आपल्यासोबत चल. शनिवारी जाऊन रिपोर्टच्या चार कॉप्या काढून आण. रंगीत."

शनिवारी धम्मपाल अंबडला गेला. गेटजवळच्या बाकावर छाया बसली होती, मांडीवर डबा. त्याला मान खाली घालून पुढे जायचं होतं, पण बाक वाटेतच होता.

"भाऊ, तुम्ही कॉम्प्युटरचे ना? आकडा काढला तुम्ही."

"हो."

"मग सांगा की त्यांना. मी एकेक बुडवलाय. सहा वर्षं झाली. सासू घरी म्हणती, डोळे पाण्यात ठिऊन येतीस का काय." ती हसली नाही. "मशीन मला रोज तीनशेदा नोंद झाली म्हणालं. मी काय त्याच्या पोटात बघाय जाऊ?"

"बघतो मी, ताई."

"बघा. तुम्ही बघतो म्हणता आन् निघून जाता. मी बघते म्हणले की दहा मोजंस्तोवर बघते."

धम्मपालने आत जाऊन रिपोर्ट काढला. छायाच्या शेवटच्या नोंदीचा नंबर खाली, ठळक अक्षरांत छापला होता. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. या वेळी चहा आला नव्हता.

तो ऑफिसात परत आला आणि त्याने मोसमचा प्रोग्राम उघडला. पुढचा नंबर काढायची ओळ. तो नंबर लहान डब्यात. डबा भरला की कॉम्प्युटर जीव तोडून ओरडत होता, की मावत नाही, मावत नाही. आणि वर ती मंगल ओळ बसली होती, ती त्याचं तोंड दाबून म्हणत होती, चल पुढे. पुढची ओळ नोंद करायची. नंबर जुनाच, त्यामुळे नोंद व्हायला नकार. पुन्हा तोंड दाबलं. आणि त्यापुढची ओळ, जी न चुकता, न अडखळता, दिवसातून तीनशे वेळा चालली: 'नोंद यशस्वी.' ही ओळ कुणी लिहिली होती ते बघायला त्याला शोधावं लागलं नाही. त्यानेच लिहिली होती. यशस्वीपुढे उद्गारचिन्ह घालावं की नाही यावर त्या दिवशी अर्धा तास चर्चा झाली होती.

लहान डबा मात्र त्याचा नव्हता. तो भाग निर्दोषच्या एका जुन्या प्रोग्रामातून जसाच्या तसा उचलला होता. धम्मपालने उपायवही काढली आणि मागे मागे गेला. तो यायच्या आधी सुवर्णा म्हणून एक मुलगी इथं होती, पुढं पुण्याला गेली. तिचं अक्षर छापल्यासारखं. डाव्या पानावर: 'नंबरचा डबा लहान आहे. ३२७६७ नंतर मावणार नाही. रोज तीनशे नोंदी झाल्या तर चार-सव्वाचार महिन्यांत भरेल.' उजव्या पानावर: 'मोठा डबा घेणे. दोन ठिकाणी बदल. दोन मिनिटे. सरांना सांगितले.'

खाली लाल पेन: 'गरज नाही. एवढं काम आपल्याकडे कोणी करत नाही.'

धम्मपालने ते तीनदा वाचलं. मग वही पिशवीत घातली. त्याने बदललेला प्रोग्राम फ्लॉपीवर घेतला. बदल एकच होता: मंगल ओळ काढून टाकली होती. डबा त्याने मुद्दाम लहानच ठेवला. आणि एका फ्लॉपीवर भरवसा नसतो हे निर्दोषमध्ये शिकलेलं एकमेव खरं ज्ञान असल्यामुळे, दुसऱ्या फ्लॉपीवर आणखी एक प्रत घेतली.

*

चौकशी तपासणीच्या खोलीतच होती, टबाशेजारी. लहानूशेठ खुर्चीत, पर्सोनेल मॅनेजर फाइल घेऊन, छाया उभी. तिला खुर्ची होती, पण बस असं कुणी म्हणालं नव्हतं.

कुंदन सर टाय लावून आले होते. "माननीय शेठजी," त्यांनी सुरुवात केली, "संगणक हे निर्जीव यंत्र आहे. त्याला ना नातेवाईक, ना जात, ना कंटाळा. माणूस खोटं बोलतो, संगणक बोलत नाही. आमच्या प्रणालीत आजपर्यंत एकही एरर आलेली नाही. मी हे अभिमानाने सांगतो. माझा सहकारी आता प्रात्यक्षिक दाखवेल."

"दाखव बाबा," शेठ म्हणाले.

धम्मपालने फ्लॉपी घातली. "ताई, एक व्हॉल्व्ह तपासा. रोजच्यासारखा."

छायाने व्हॉल्व्ह नळीला जोडला, बुडवला. दहा मोजले, ओठ हलवत. बुडबुडा नाही. ठिपका लावला, हात पदराला पुसला आणि बटण दाबलं.

पडद्यावर पांढरी चौकट आली. आत लाल फुली, शेजारी इंग्रजीत एकच शब्द. मोसम व्हॉल्व्हजमध्ये कुणी कधी एरर बघितलेली नव्हती. मॅनेजर दोन पावलं मागे सरकला.

"हे काय?" शेठने विचारलं.

"व्हायरस," कुंदन सर तत्काळ म्हणाले. "फ्लॉपीतून आला. धम्मा, बंद कर ते. बंद करून चालू कर."

"व्हायरस नाही, सर. ओव्हरफ्लो." धम्मपाल शेठकडे वळला. सरांकडे बघितलं असतं तर त्याला बोलता आलं नसतं. "शेठ, नंबर ठेवायला आपण मशीनला जो डबा दिलाय, तो बत्तीस हजार सातशे सदुसष्टला भरतो. ताईंचा आठ जूनला भरला. त्यानंतरची एकही नोंद आत गेली नाही. मशीन रोज ओरडत होतं. आम्ही त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं."

"मग ते नोंद झाली म्हणतंय ते?"

"ते मी लिहिलंय. काही झालं तरी तेच म्हणतं. आत्ता नोंदी साठवायची फाइलच पुसून टाकली, तरी तेच म्हणेल."

"आन् आकडा?" छाया पहिल्यांदा बोलली.

"तोही मीच काढला, ताई. दिसला होता मला. तेव्हाच कळायला हवं होतं." मग एवढ्यावर थांबणं बरं नव्हे असं वाटून तो म्हणाला, "कळलं होतं थोडं."

"धम्मा!" सरांचा आवाज नामपूरच्या वेशीवर पोचला होता. "तुले कोनी सांगं हाई बोलाले?"

मॅनेजरने फाइल पुढे केली. हार मानणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. "शेठ, नोंद गेली नाही हे एक मान्य करू. पण तपासणी झाली होती याला पुरावा काय? नोंद नाही म्हणजे काम नाही. नियमात तसंच आहे."

शेठने मान डोलावली. नियम त्यांनीच केले होते. कॉम्प्युटरमधून ते अकरा दिवस कुणी बाहेर काढू शकत नव्हतं. आत गेलेच नव्हते, तर निघणार कुठून?

"शेठ," छाया म्हणाली, "तुमच्या पायाशी काय हाय?"

शेठने खाली बघितलं. खुर्चीशेजारी प्लॅस्टिकचा मोठा निळा क्रेट होता. त्यांनी मघापासून त्याला पाय टेकला होता.

"नापास माल हाय माझ्या टेबलाचा. आठ तारखेपास्नंचा. दुरुस्तीवाला सुट्टीवर गेलाय, म्हणून पडलाय. मोजून घ्या, एकशे बेचाळीस हाय. एक बी घ्या आन् बुडवा." तिने मॅनेजरकडे बघितलं. "मी न तपासता ठिपके मारत होते ना? मग हे नापास कुणी केले? पिंकीनं? का तुमच्या फायलीनं?"

लहानूशेठने क्रेटातून स्वतः एक व्हॉल्व्ह उचलला, नळीला जोडायची खटपट केली, जमेना. छायाने जोडून दिला. त्यांनी बुडवला. चार मोजेपर्यंतच बुडबुडा वर आला, गोल, भरदार. दुसरा घेतला. दुसऱ्याला बुडबुड्यांची माळ. पाचव्या व्हॉल्व्हनंतर शेठने बाही वर सारली, कारण ती भिजली होती, आणि मॅनेजरने फाइल मिटली.

"चार महिने बरं चाललं होतं ना हे?" शेठने विचारलं. "मग आत्ताच कसं भरलं? पिंकीचं का नाय भरलं?"

"पिंकी सावकाश करते," धम्मपाल म्हणाला. "तिचं ऑगस्टअखेर भरेल. जी जास्त काम करेल तिचं आधी."

शेठला हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते कुंदन सरांकडे वळले. "म्हणजे तुझ्या मशीनीत जास्त काम केलं की माणूस शून्य होतो?"

"तांत्रिक मर्यादा असते, शेठजी. जगात कुणालाही आधी कल्पना—"

धम्मपालने पिशवीतून लाल पुठ्ठ्याची वही काढून शेठच्या ओल्या हातात दिली. पान उघडूनच दिली. शेठने आधी सुवर्णाचं वाचलं, बोट फिरवत. मग खालचं लाल वाचलं, आणि ते मोठ्याने वाचलं.

"'एवढं काम आपल्याकडे कोणी करत नाही.'"

मग ते गावच्या बोलीत, फार हळू आवाजात म्हणाले, "कुंदन, हाई तुन्हं अक्षर शे ना?"

कुंदन सरांनी टायची गाठ सैल केली. 'निर्दोष'च्या इतिहासात त्यांना पहिल्यांदाच पुढची ओळ सुचली नाही.

*

छाया कायम झाली. सरळ झाली असं नाही. मॅनेजरने अहवालात लिहिलं की, 'कर्मचाऱ्याने यंत्राच्या क्षमतेपेक्षा अधिक काम केल्यामुळे सदर घोटाळा उद्भवला. तरी तिला यापुढे काळजी घेण्याची समज देण्यात येत आहे.' शेठने समजेची ओळ खोडली, घोटाळ्याची तशीच राहू दिली आणि सही केली. रिपोर्टातल्या अकरा शून्यांशेजारी त्यांनी पेनने 'तपासले आहे' असं लिहिलं. कॉम्प्युटरच्या कागदावर पेनने लिहिलेलं ते एक वाक्य काय ते त्या रिपोर्टात खात्रीचं होतं.

कुंदन सर शेठसोबत केबिनमध्ये गेले आणि लगेच सावरले. जाता जाता धम्मपालच्या कानावर आलं: "ही मर्यादा आम्ही मुद्दाम ठेवली होती, भाऊ. कोण जास्त काम करतं ते कळावं म्हणून." धम्मपालला कामावरून काढायचं त्यांनी बसल्या जागी ठरवलं आणि बसल्या जागी रद्दही केलं. कुठल्या प्रोग्रामात काय काय झाकलंय हे सगळं माहीत असलेला तो एकटाच उरला होता. त्याला काढणं म्हणजे ती मंगल ओळ काढण्यासारखंच झालं असतं. ते त्याला न घेताच स्कूटरवर निघून मात्र गेले, आणि जाताना बाहेरून, खोलीच्या खिडकीतून ओरडले, "ती ओळ परत टाकूनच ये!"

धम्मपाल पुन्हा छायाच्या टेबलावर बसला. लहान डबा खोडला, मोठा लिहिला. एकदा प्रोग्राममध्ये, एकदा जिथं नोंदी साठतात तिथं. कोपऱ्यातल्या आकड्याची खूण 'नाही'वरून 'हो'वर आणली. मग तोच बदल पिंकीच्या टेबलावर केला. पिंकी म्हणाली, "माझं तर चांगलं चाललंय," आणि क्लिप शोधायला लागली. सगळं मिळून दोन-दोन मिनिटं. चहा यायच्या आत झालं.

ओळ त्याने परत टाकली नाही.

"बघा, ताई."

छायाने क्रेटातून नाही, नव्या मालातला व्हॉल्व्ह उचलला. जोडला, बुडवला. दहा मोजायला घेतले. सातला एक बारीकसा बुडबुडा, मोहरीएवढा, वर आला. धम्मपालला तो दिसलाच नव्हता. ती बोट दाखवत होती म्हणून दिसला.

तिने 'नापास' दाबलं. कोपऱ्यात आकडा आला. ३२७६८.

"हललं," ती म्हणाली, आणि तो व्हॉल्व्ह निळ्या क्रेटात टाकला. "आता उठा, भाऊ. टेबल खोळंबलंय."